निःस्पृह सेनानी सान मार्तिन

दक्षिण अमेरिका खंडाच्या पश्चिम कडेने अँडीज पर्वताची प्रचंड रांग उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत पसरलेली आहे. तिची कित्येक शिखरे बाराही महिने बर्फाने झाकलेली असतात. अर्जेंटिना आणि चिली या दोन देशांच्या मध्ये ही रांग एखाद्या अभेद्य तटासारखी उभी आहे. इ. स. १८१७ च्या प्रारंभी सुमारे पाच हजार माणसांची एक सेना हा तट चढून गेली आणि तोफा-दारूगोळ्यासह पलीकडच्या उतारावर उतरली. जगाच्या इतिहासात अशा मोहिमा थोड्याच झाल्या आहेत. ज्या सेनापतीने ही मोहीम आखली व पार पाडली, त्याचे नाव जोसे दे सान मार्तिन. अर्जेंटिना, चिली व पेरू या तीन देशांच्या स्वातंत्र्यासाठी तो झुंजला. परंतु विजय मिळाल्यावर त्यांपैकी एकाही देशाची सत्ता त्याने स्वतःजवळ ठेवली नाही.

सान मार्तिनचा जन्म २५ फेब्रुवारी १७७८ रोजी यापेयू या लहानशा गावी झाला. हे गाव आजच्या अर्जेंटिनाच्या ईशान्य भागात उरुग्वाय नदीच्या काठी आहे. त्याचे वडील स्पेनच्या राजाच्या चाकरीत होते आणि त्या मुलखाचा कारभार पाहत असत. मुलगा पाच-सहा वर्षांचा असताना हे कुटुंब स्पेनला परतले. अकराव्या वर्षी, ज्या वयात मुले शाळेत रमलेली असतात, त्या वयात सान मार्तिन स्पेनच्या सैन्यात दाखल झाला. पुढची बावीस वर्षे त्याने त्या सैन्यात काढली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तो लढला, फ्रान्सशी झालेल्या युद्धांत लढला. १८०८ मध्ये बायलेन येथे नेपोलियनच्या सैन्याचा पराभव झाला, त्या लढाईतील पराक्रमाबद्दल त्याला सुवर्णपदकही मिळाले. शिस्त, काटकसर आणि पूर्वतयारी यांचे महत्त्व तो या काळात शिकला.

त्या वेळी दक्षिण अमेरिकेचा फार मोठा भाग स्पेनच्या ताब्यात होता. ही सत्ता तेथे जवळजवळ तीनशे वर्षे टिकून होती. पोतोसीसारख्या खाणींतून निघणारी चांदी जहाजे भरभरून स्पेनला जाई. वसाहतींनी कोणाशी व्यापार करावा, हे स्पेनचा राजा ठरवी. वरिष्ठ अधिकाराच्या जागा बहुधा स्पेनमध्ये जन्मलेल्यांनाच मिळत. अमेरिकेत जन्मलेला माणूस स्पॅनिश रक्ताचा असला, तरी त्याला दुय्यम लेखले जाई. आणि या सर्वांच्या खाली दोन मोठे समाज भरडले जात होते. एक तेथील मूळ रहिवासी, ज्यांना डोईपट्टी भरावी लागे आणि खाणींत सक्तीने राबावे लागे. दुसरा आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या काळ्या लोकांचा. १८०८ मध्ये नेपोलियनने स्पेनच्या राजाला कैद केले. राजाच बंदिवान झाल्यावर वसाहतींनी आज्ञा कोणाची पाळावी, असा प्रश्न निर्माण झाला. २५ मे १८१० रोजी ब्यूनॉस आयर्सच्या नागरिकांनी स्पॅनिश राजप्रतिनिधीस दूर करून स्वतःचे सरकार स्थापन केले.

ही वार्ता स्पेनमध्ये असलेल्या सान मार्तिनच्या कानी पडली. त्याच्यापुढे मोठा पेच उभा राहिला. ज्या सैन्यात तो लहानाचा मोठा झाला, त्या सैन्यात त्याला मान होता, बढतीची आशा होती. उलट, ज्या भूमीत तो जन्मला, तिची त्याला बालपणीची पुसट आठवण तेवढी होती. तरीही त्याने जन्मभूमीची हाक श्रेष्ठ मानली. १८११ मध्ये त्याने स्पेनची नोकरी सोडली व तो लंडनला गेला. तेथून जहाजाने निघून मार्च १८१२ मध्ये तो ब्यूनॉस आयर्सला पोचला. तेथे त्याला ओळखणारे कोणी नव्हते. स्पेनच्या सैन्यात आयुष्य घालवलेल्या या अधिकाऱ्याकडे काही जण संशयाने पाहत. सान मार्तिनने कोणाशी वाद घातला नाही. त्याने घोडेस्वारांचे एक पथक उभारले आणि त्यातील प्रत्येक शिपायाला स्वतः शिकवून तयार केले. त्याच वर्षी रेमेदियोस दे एस्कालादा या तरुणीशी त्याचा विवाह झाला.

या पथकाची पहिली कसोटी ३ फेब्रुवारी १८१३ रोजी पाराना नदीकाठच्या सान लोरेन्सो येथे लागली. किनाऱ्यावर उतरलेल्या स्पॅनिश तुकडीवर सान मार्तिनने एका मठाच्या आडून अचानक हल्ला चढविला. त्याचे स्वार शत्रूच्या निम्म्याच संख्येने होते. चढाईत त्याचा घोडा गोळी लागून कोसळला आणि त्याचा पाय घोड्याखाली अडकला. शत्रूची संगीन त्याच्यावर रोखली गेली. इतक्यात हुआन बाउतिस्ता काब्राल नावाचा साधा शिपाई धावून आला. त्याने आपल्या नायकाला सोडविले. पण तो स्वतः प्राणांतिक जखमी झाला. लढाई जिंकली गेली. काब्रालचे नाव अर्जेंटिनातील मुले आजही आदराने घेतात.

पण अशा लहान लढायांनी देश स्वतंत्र होणार नाही, हे सान मार्तिनने ओळखले. स्पेनच्या सत्तेचे मुख्य केंद्र पेरूची राजधानी लिमा हे होते. लिमा स्पेनच्या हाती आहे, तोवर कोणत्याही शेजारी देशाचे स्वातंत्र्य सुरक्षित नव्हते. ब्यूनॉस आयर्सची सैन्ये उत्तरेकडील डोंगराळ मुलखातून लिमाकडे जाण्याचा पुनःपुन्हा प्रयत्न करीत आणि दर वेळी मार खाऊन परतत. सान मार्तिनने वेगळा मार्ग शोधला. आधी अँडीज ओलांडून चिली मुक्त करावयाचा, मग चिलीच्या किनाऱ्यावर आरमार उभारावयाचे आणि समुद्रमार्गाने पेरूवर जावयाचे, असा त्याचा बेत होता. ऐकणाऱ्याला तो वेडेपणाच वाटावा! परंतु सान मार्तिनने १८१४ मध्ये अँडीजच्या पायथ्याशी असलेल्या कुयो प्रांताचे अधिकारपद मागून घेतले आणि मेंदोसा या शहरात तो शांतपणे कामाला लागला.

पुढची अडीच वर्षे मेंदोसा हे शहर म्हणजे एक मोठा कारखानाच बनले. खजिन्यात पैसा नव्हता, म्हणून सान मार्तिनने प्रथम स्वतःचा निम्मा पगार सोडला. मग त्याने नागरिकांकडे मदत मागितली. श्रीमंतांनी कर दिले, गरिबांनी श्रम दिले, स्त्रियांनी अंगावरचे दागिने काढून दिले. लुईस बेल्त्रान नावाचा एक संन्यासी यंत्रविद्येत निपुण होता. त्याने भट्ट्या पेटविल्या आणि शेकडो कामगारांकडून तोफा, गोळे, नाल व संगिनी तयार करविल्या. धातू कमी पडला तेव्हा देवळांतील घंटाही वितळविल्या गेल्या. गावच्या लोकरीचे कापड विणून, ते निळे रंगवून सैनिकांचे गणवेश शिवले गेले. प्रांतातील गुलामांपैकी बरेचसे मालकांकडून घेऊन सैन्यात भरती करण्यात आले व त्यांना स्वातंत्र्य देण्यात आले. या सेनेच्या पायदळात त्यांची संख्या फार मोठी होती. देशाच्या स्वातंत्र्यासाठी लढताना त्यांतील प्रत्येक जण स्वतःच्या मुक्ततेचीही किंमत रक्ताने मोजीत होता. ९ जुलै १८१६ रोजी तुकुमान येथे जमलेल्या प्रतिनिधींनी देशाचे स्वातंत्र्य जाहीर केले. तशी घोषणा व्हावी म्हणून सान मार्तिनने मेंदोसाहून सतत आग्रह धरला होता.

बळाइतकाच त्याचा भरवसा युक्तीवर होता. पर्वतातील वाटांचा अचूक नकाशा त्याला हवा होता. त्याने आल्वारेस कोंदार्को या अधिकाऱ्याला स्वातंत्र्याच्या घोषणेची प्रत घेऊन चिलीतील स्पॅनिश सुभेदाराकडे पाठविले. त्याला जाण्यासाठी लांबची वाट नेमून दिली होती. सुभेदाराने संतापून ती प्रत जाळून टाकली व दूताला जवळच्या वाटेने परत हाकलून दिले. सान मार्तिनला नेमके हेच हवे होते. दूताची स्मरणशक्ती विलक्षण होती. त्याने जाताना एक खिंड व येताना दुसरी खिंड डोळ्यांत साठवून आणली आणि मेंदोसाला येताच दोन्हींचे नकाशे काढून दिले. तिकडे दक्षिणेकडील पेवेंचे जमातीच्या नायकांना भेटून सान मार्तिनने त्यांच्या मुलखातून जाण्याची परवानगी मागितली. ही बातमी स्पॅनिशांच्या कानी जाईल, हे तो जाणून होता. झालेही तसेच. हल्ला कोठून येणार हे न कळल्यामुळे सुभेदाराने आपले सैन्य लांबवर विखरून टाकले.

दक्षिण गोलार्धात जानेवारी हा उन्हाळ्याचा महिना असतो. त्या महिन्यात खिंडींतील बर्फ वितळून वाटा खुल्या होतात. म्हणून १८१७ च्या जानेवारीत सेना निघाली. ती सहा निरनिराळ्या वाटांनी पर्वतात शिरली. मुख्य तुकड्या लोस पातोस व उस्पायाता या दोन खिंडींतून गेल्या. सैन्याबरोबर हजारो खेचरे, सुमारे सोळाशे घोडे आणि अन्नासाठी गुरे होती. वाटेत काही ठिकाणी चार हजार मीटरांहून अधिक उंची चढावी लागे. इतक्या उंचीवर हवा विरळ असते. माणसाला धाप लागते, डोके ठणकते, पाय उचलत नाही. त्यावर उपाय म्हणून प्रत्येकाला कांदा व लसूण दिलेला असे. खाण्यासाठी वाळवलेले मांस व तिखट यांचे मिश्रण बरोबर घेतले होते. पायांना थंडी बाधू नये, म्हणून चामड्याच्या पादत्राणांत लोकर भरलेली होती. दिवसा ऊन भाजून काढी, रात्री थंडीने अंग गोठे. तोफांचे सुटे भाग खेचरांवर लादले होते. जेथे खेचरेही थकत, तेथे माणसे दोरांनी तोफा ओढीत. सेनापतीची प्रकृतीही धड नव्हती. पोटातील व्रणाच्या वेदना आणि सांधेदुखी सहन करीत तो खेचरावर बसून शिपायांबरोबर चालला होता. पर्वत ओलांडून होईपर्यंत निम्म्याहून अधिक खेचरे मेली आणि घोड्यांपैकी सुमारे एकतृतीयांशच उरले. पण ठरलेल्या दिवसांत सर्व तुकड्या पलीकडे एकत्र आल्या.

१२ फेब्रुवारी १८१७ रोजी चाकाबुको येथे लढाई झाली. विखुरलेले स्पॅनिश सैन्य वेळेवर एकत्र येऊ शकले नाही व त्याचा पराभव झाला. दोनच दिवसांनी सान मार्तिनने सांतियागो शहरात प्रवेश केला. चिलीच्या नागरिकांनी देशाचे सर्वोच्च पद त्याला देऊ केले. त्याने ते नम्रपणे नाकारले. चिलीचा कारभार चिलीच्या माणसानेच पाहावा, असे त्याचे मत होते. त्याप्रमाणे त्याचा सहकारी बेर्नार्दो ओहिगिन्स याला ते पद मिळाले. नगरसभेने त्याला दहा हजार पेसोंची भेट दिली. ती रक्कम त्याने सांतियागोत सार्वजनिक ग्रंथालय काढण्यासाठी देऊन टाकली.

युद्ध मात्र संपले नव्हते. १९ मार्च १८१८ च्या रात्री कांचा रायादा येथे स्पॅनिशांनी अंधारात छापा घातला आणि सान मार्तिनच्या सेनेची दाणादाण उडाली. सर्व काही बुडाले, अशी आवई सांतियागोपर्यंत पोचली. सान मार्तिन डगमगला नाही. विखुरलेली पथके त्याने गोळा केली आणि अवघ्या सतरा दिवसांनी, ५ एप्रिल १८१८ रोजी, मायपूच्या मैदानावर शत्रूचा पुरता मोड केला. या लढाईने चिलीचे स्वातंत्र्य पक्के झाले.

आता पेरू उरला. चिलीने मोठ्या कष्टाने आरमार उभारले व त्याचे नेतृत्व कॉक्रेन या ब्रिटिश दर्यावर्दी सरदाराकडे दिले. याच सुमारास अर्जेंटिनात यादवी माजली. बंडखोर प्रांतांशी लढण्यासाठी सेना घेऊन परत यावे, अशी आज्ञा सान मार्तिनला झाली. आपली तलवार देशबांधवांच्या रक्ताने माखू द्यावयाची नाही, असा त्याचा निश्चय होता. त्याने ती आज्ञा पाळली नाही. यासाठी ब्यूनॉस आयर्समधील अनेकांनी त्याला कधीच क्षमा केली नाही. २० ऑगस्ट १८२० रोजी त्याची सेना व्हालपारायसो बंदरातून पेरूकडे निघाली.

पेरूत उतरल्यावर त्याने लिमावर लगेच हल्ला केला नाही. शहर जिंकण्यापेक्षा तेथील लोकांची मने स्वातंत्र्याकडे वळविणे त्याला अधिक महत्त्वाचे वाटत होते. त्याने नाकेबंदी केली, लोकांत विचार पसरविला आणि वाट पाहिली. अखेर जुलै १८२१ मध्ये राजप्रतिनिधी लिमा सोडून डोंगराळ भागात निघून गेला. सान मार्तिनने कोणताही गाजावाजा न करता शहरात प्रवेश केला. २८ जुलै १८२१ रोजी त्याने पेरूचे स्वातंत्र्य जाहीर केले. युद्ध संपेपर्यंत व्यवस्था राहावी, म्हणून त्याने पेरूचा संरक्षक हे पद स्वीकारले. त्या दिवसानंतर जन्मणारी गुलामांची मुले स्वतंत्र मानली जातील, असा कायदा त्याने केला. मूळ रहिवाशांवरील डोईपट्टी व वेठ त्याने बंद केली. राष्ट्रीय ग्रंथालय स्थापून त्याला आपल्या संग्रहातील पुस्तके दिली.

परंतु डोंगरात स्पेनची मोठी सेना अजून शाबूत होती. सान मार्तिनचे सैन्य रोगराईने खंगले होते. त्याच्याविरुद्ध कुरबुर सुरू झाली होती. इकडे उत्तरेकडून दुसरा महान मुक्तिदाता सिमॉन बोलिव्हार देशामागून देश मुक्त करीत दक्षिणेकडे येत होता. २६ व २७ जुलै १८२२ रोजी ग्वायाकिल या बंदरात दोघांची भेट झाली. बंद दाराआड ते बोलले. तिसरा कोणी तेथे नव्हता. सान मार्तिनला बोलिव्हारकडून सैन्याची भरघोस मदत हवी होती. ती हवी तेवढी मिळणार नाही, हे त्याच्या ध्यानी आले. राज्यपद्धतीविषयीही दोघांचे मत जुळत नव्हते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. दोघेही हटून बसले असते, तर स्वातंत्र्यसैनिक आपापसांत लढले असते आणि लाभ स्पेनचा झाला असता. सान मार्तिनने मनाशी निर्णय घेतला. रात्री नृत्याचा समारंभ रंगात आला असता तो कोणाच्या नकळत बाहेर पडला आणि जहाजावर जाऊन बसला.

२० सप्टेंबर १८२२ रोजी लिमा येथे पेरूची पहिली लोकप्रतिनिधी सभा भरली. सान मार्तिनने तिच्यासमोर आपला अधिकारदर्शक पट्टा उतरवून ठेवला व सर्व सत्ता तिच्या स्वाधीन केली. सभेने त्याला मानमरातब व वेतन देऊ केले. पण राहण्याचा आग्रह त्याने मानला नाही. त्याच रात्री तो पेरू सोडून निघाला. अपुरे राहिलेले काम बोलिव्हार व त्याचा सेनापती सुक्रे यांनी पूर्ण केले. ९ डिसेंबर १८२४ रोजी आयाकूचो येथे सुक्रेने स्पॅनिशांचा निर्णायक पराभव केला. त्या विजयाची कीर्ती बोलिव्हार व सुक्रे यांना मिळाली. सान मार्तिन त्या वेळी हजारो मैल दूर युरोपात होता.

कारण मायदेशीही त्याच्या नशिबी सुख नव्हते. ऑगस्ट १८२३ मध्ये त्याची पत्नी ब्यूनॉस आयर्स येथे मरण पावली. तिची शेवटची भेटही त्याला झाली नाही. राजकीय शत्रू त्याच्यावर हेरांची पाळत ठेवीत. फेब्रुवारी १८२४ मध्ये तो सात वर्षांच्या मर्सेदेस या मुलीचा हात धरून युरोपला निघाला. प्रथम ब्रसेल्सला व नंतर फ्रान्समध्ये तो राहिला. ज्याने तीन देशांसाठी युद्धे केली, त्याला कधीकधी घरखर्चाची चिंता पडे. एका जुन्या मित्राच्या साहाय्याने त्याचे दिवस निभावले. मुलीसाठी त्याने काही नियम लिहून ठेवले होते. खरे बोलावे, गरिबांवर दया करावी, नोकरांशी गोड वागावे, डामडौलाची हौस धरू नये, असा त्यांचा आशय होता.

१८२९ मध्ये तो एकदा मायदेशी परतला. जहाज ब्यूनॉस आयर्ससमोर नांगरून पडले होते. किनारा डोळ्यांना दिसत होता. परंतु तेथे पुन्हा यादवी पेटली होती. एका पक्षाने त्याला सेनापतिपद देऊ केले. त्याने ते नाकारले आणि मातृभूमीवर पाऊलही न टाकता तो परत फिरला. पर्वत ओलांडणाऱ्या त्या वीराला हे थोडेसे अंतर ओलांडता आले नाही. कारण ओलांडले असते, तर बंधूंविरुद्ध तलवार उपसावी लागली असती. अखेरच्या वर्षांत मोतीबिंदूमुळे त्याची दृष्टी गेली. १७ ऑगस्ट १८५० रोजी फ्रान्समधील बूलोन या किनाऱ्यावरील गावी त्याचे निधन झाले. आपली अंत्ययात्रा थाटाने काढू नये, मात्र आपले हृदय ब्यूनॉस आयर्सला विसावावे, अशी इच्छा त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवली होती.

सान मार्तिन व बोलिव्हार यांच्या पराक्रमाने दक्षिण अमेरिकेतील स्पेनचे साम्राज्य नष्ट झाले. राजाच्या आज्ञेऐवजी लोकांनी निवडलेल्या सभेने राज्य चालवावे, हा विचार त्या खंडात रुजला. परंतु सर्वांची दुःखे एका दिवसात संपली नाहीत. नव्या देशांत सत्तेसाठी अनेक यादवी युद्धे झाली. मोठमोठ्या जमिनी पूर्वीच्याच श्रीमंतांकडे राहिल्या. पेरूतील मूळ रहिवाशांवरील डोईपट्टी १८२६ मध्ये पुन्हा बसविण्यात आली; ती डोईपट्टी आणि तेथील गुलामगिरी १८५४ मध्ये नष्ट झाली. चाकाबुको व मायपू येथे लढलेल्या अनेक काळ्या सैनिकांची नावेसुद्धा इतिहासाने लिहून ठेवली नाहीत. परक्यांचे राज्य घालविणे हे स्वातंत्र्याचे पहिले पाऊल होय. प्रत्येक माणसाला समान मान मिळवून देणे, हे त्याहून लांब पल्ल्याचे काम आहे.

१८८० मध्ये सान मार्तिनच्या अस्थी समारंभाने ब्यूनॉस आयर्सला आणण्यात आल्या व तेथील मुख्य प्रार्थनामंदिरात ठेवण्यात आल्या. ज्या शहराच्या किनाऱ्यावर तो उतरू शकला नव्हता, त्याच शहराने त्याला तीस वर्षांनंतर आपल्या हृदयात जागा दिली. त्याच्या समाधीभोवती तीन स्त्रियांचे पुतळे उभे आहेत. एक अर्जेंटिना, दुसरी चिली व तिसरी पेरू. ज्यांच्याकडून त्याने काहीच घेतले नाही, त्या तीन देशांच्या या प्रतिमा आजही तेथे पहारा करीत आहेत.